चित्र यंत्राने काढले, मालकी कुणाची? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरत आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) साधनांतून काढलेली चित्रे, गाणी आणि आवाज धंद्यासाठी वापरता येतात का, आणि वापरले तर ते नेमके कुणाचे, असे वाचक विचारतात. छपाई, प्रकाशन आणि घरगुती उद्योग यांचे दाट जाळे असलेल्या पुण्यातून असे प्रश्न यावेत यात नवल नाही. म्हणून हा संपूर्ण अंक त्याच प्रश्नांना दिला आहे. पत्रे संक्षेपाने छापली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. प्रत्यक्ष नोटीस किंवा करार हातात असेल तर तो वकिलाला दाखवूनच पुढचे पाऊल उचलावे.

प्रश्न : मॅडम, सिंहगड रस्त्यावर माझा घरगुती मसाल्यांचा छोटा उद्योग आहे. दीड वर्षापूर्वी भाच्याने एका मोफत साधनातून ‘नऊवारीतली बाई उखळात मसाला कुटते आहे’ असे चित्र काढून दिले आणि ते आम्ही पाकिटावर छापले. आता मार्केट यार्डात दुसऱ्या एका विक्रेत्याच्या पाकिटावर जवळजवळ तसेच चित्र दिसले. त्याला नोटीस पाठवता येईल का? दोन्ही पाकिटे सोबत पाठवत आहे. (एक गृहोद्योजिका)

उत्तर : दोन्ही पाकिटे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी भिंगातून पाहिली. तुमच्या पाकिटावरच्या बाईच्या हातातले मुसळ उखळात न पडता उखळाच्या कडेतून आरपार गेले आहे, मंगळसूत्राची डावी सर मानेत विरून गेली आहे, आणि मागच्या फळीवरील डब्यांवर देवनागरीसारखी दिसणारी पण कोणत्याच भाषेत वाचता न येणारी अक्षरे आहेत. समोरच्याच्या पाकिटावर मुसळ जागेवर आहे, मात्र नऊवारीचा काष्टा मागे खोचण्याऐवजी पुढेच खोचलेला आहे. म्हणजे त्याने तुमचे चित्र उचललेले दिसत नाही. तुमच्या भाच्याने साधनाला जी दोन वाक्ये लिहून दिली, तशीच दोन वाक्ये त्याच्याही कुणा भाच्याने लिहिली असावीत. हे महत्त्वाचे आहे, कारण कॉपीराइट नकलेविरुद्ध संरक्षण देतो. दोघांनी एकमेकांचे न पाहता सारखेच काही केले, तर एकाला दुसऱ्यावर दावा सांगता येत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीच्या अटींत तर स्पष्टच म्हटले आहे की साधनातून मिळणारा मजकूर वा चित्र एकमेव असेलच असे नाही आणि दुसऱ्या वापरकर्त्यालाही तसेच काही मिळू शकते.

अशा चित्राबाबत खरे तर तीन निरनिराळे प्रश्न असतात आणि आपण ते तिन्ही ‘लायसन्स आहे ना?’ या एका वाक्यात गुंडाळून मोकळे होतो. साधन पुरवणाऱ्या कंपनीने हे चित्र विक्रीच्या मालावर वापरण्याची मुभा दिली आहे का, हा पहिला प्रश्न असून त्याचे उत्तर कंपनीच्या अटींत असते. ते चित्र कायद्याने तुमच्या मालकीचे होते का, हा दुसरा. तो कंपनीच्या हातातला नाही, तो कायद्याचा आहे. आणि त्या चित्रात तिसऱ्याच कुणाच्या हक्काला धक्का लागतो का, हा उरलेला. कंपनी आपल्या अटींत ‘चित्राची मालकी तुमची’ असे लिहिते, तेव्हा ‘आमचा जो काही हक्क असेल तो तुम्हाला दिला’ एवढाच त्याचा अर्थ असतो. मुळात हक्कच निर्माण झाला नसेल तर देणार काय आणि घेणार काय?

तुमच्या बाबतीत पहिल्याच पायरीला अडखळायला होते. अनेक मोफत योजना केवळ वैयक्तिक वापरापुरत्या असतात. मिडजर्नी या चित्रे काढून देणाऱ्या साधनाच्या सुरुवातीच्या काळात मोफत काढलेल्या चित्रांना व्यापारी वापर वर्ज्य करणारा परवाना लागू होता. भाच्याने कोणते साधन, कोणत्या महिन्यात, कोणत्या योजनेवर वापरले हे आधी शोधून काढा. दुसऱ्या पायरीवर आपला कायदा थोडा वेगळा आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने असे कलम आले की संगणकाद्वारे निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण होण्यास कारणीभूत ठरलेली व्यक्ती होय. हे वाचून अनेकांना हायसे वाटते. परंतु ते कलम लिहिले तेव्हा संगणक हे चित्रकाराच्या हातातले अवजार होते. चार शब्द दिल्यावर स्वतःच रंग, रेषा आणि रचना ठरवणारे यंत्र तेव्हा कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हते. शिवाय कृती ‘मूळ’ असावी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी प्रकरणात त्यासाठी केवळ श्रम पुरेसे न मानता किमान सर्जनशीलतेची अपेक्षा ठेवली. २०२० मध्ये आपल्या कॉपीराइट कार्यालयाने ‘राघव’ नावाच्या एआय साधनाची एका चित्राचा सहकर्ता म्हणून नोंद केली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेण्याची नोटीस काढली, यावरून त्या कार्यालयाच्याही मनातला गोंधळ दिसतो. तेव्हा दोन वाक्ये लिहून मिळालेल्या चित्राच्या जोरावर कॉपीराइटची नोटीस पाठवू नये, असे माझे मत आहे.

तुमची खरी मालमत्ता चित्रात नसून नावात आहे. पाकिटावरचे नाव, त्याची अक्षररचना आणि लाल-पिवळी पट्टी हे सर्व मिळून दीड वर्षात ग्राहकांच्या ओळखीचे झाले असेल, तर व्यापारचिन्हाचा हक्क तुम्हाला वापरातून मिळतो आणि त्यासाठी चित्र कुणी काढले याला फारसे महत्त्व नाही. मसाल्यांसाठी ३० क्रमांकाच्या वर्गात अर्ज करा. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. पहिल्या दिवसापासूनची बिले जपून ठेवा. आणि पाकीट पुन्हा छापाल तेव्हा एखाद्या चित्रकाराकडून बाई नव्याने काढून घ्या, म्हणजे मुसळही उखळात पडेल.

प्रश्न : अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकांसाठी मी मुखपृष्ठे करतो. मिडजर्नीची मासिक वर्गणी मी भरतो. तिथे चित्र काढून नंतर फोटोशॉपमध्ये त्यावर पुष्कळ काम करतो. आता प्रकाशकांनी छापील हमीपत्र पुढे केले आहे : ‘सदर चित्र ही संपूर्णपणे माझी स्वतःची मूळ निर्मिती असून त्यावरून उद्भवणाऱ्या कोणत्याही दाव्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील.’ एका मुखपृष्ठाचे मला ६,००० रुपये मिळतात. सही करावी का? (एक मुद्रण-सजावटकार, कोथरूड)

उत्तर : जशीच्या तशी करू नये. वाक्याचा पूर्वार्ध वस्तुस्थितीला धरून नाही आणि उत्तरार्धाला मर्यादा नाही. ६,००० रुपयांच्या कामापोटी अमर्याद रकमेची हमी देणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही. पण प्रकाशकांवर रागावण्याचेही कारण नाही. त्यांनी हा मसुदा हाताने काढलेल्या चित्रांच्या काळातला उचललेला दिसतो.

त्याऐवजी त्यांना असे सुचवा : ‘सदर मुखपृष्ठासाठी अमुक साधनाच्या अमुक योजनेखाली, अमुक तारखेस निर्माण केलेल्या प्रतिमेचा वापर केला आहे. अक्षररचना, मांडणी, रंगयोजना आणि पुढील फेरफार मी स्वतः केले आहेत. साधनास कोणत्याही अन्य व्यक्तीचे चित्र वा छायाचित्र संदर्भ म्हणून दिलेले नाही. माझ्या स्वतःच्या कामातील माझे सर्व हक्क मी प्रकाशकांकडे हस्तांतरित करीत आहे. माझे दायित्व मला मिळालेल्या मानधनाच्या रकमेपुरते मर्यादित राहील.’ यातले प्रत्येक वाक्य तुम्हाला उद्या कागदानिशी सिद्ध करता आले पाहिजे. म्हणून वर्गणीची पावती, साधनाला दिलेल्या सूचना, पहिली कच्ची प्रतिमा, थरांसहित फोटोशॉपची फाइल आणि त्या दिवशीच्या अटींची पीडीएफ प्रत असे सर्व एका फोल्डरमध्ये ठेवा. अटींची प्रत मी मुद्दाम सांगते आहे. या कंपन्या अटी वरचेवर बदलतात, आणि ‘तेव्हा तिथे असे लिहिले होते’ हे तोंडी सांगून भागत नाही.

मिडजर्नीच्या अटींतल्या दोन गोष्टींकडे आपल्याकडचे सजावटकार लक्ष देत नाहीत. ज्या कंपनीचा वार्षिक महसूल १० लाख अमेरिकी डॉलरपेक्षा अधिक आहे, तिला किंवा तिच्या कर्मचाऱ्याला चित्रांची मालकी हवी असेल तर ‘प्रो’ किंवा ‘मेगा’ योजनाच घ्यावी लागते. तुम्ही एकटे काम करता तेव्हा हे लागू नाही. पण हिंजवडीतल्या एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरीला असलेल्या तुमच्या मित्राने स्वस्तातल्या वर्गणीवर ऑफिसचे काम केले, तर त्या चित्रांची मालकी त्याला मिळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तिथे काढलेली चित्रे मुळात इतरांना दिसतात, आणि ती झाकून ठेवण्याची सोय याच वरच्या योजनांत मिळते. प्रकाशनाआधी मुखपृष्ठ गुप्त राहावे अशी लेखकाची अपेक्षा असेल तर हे आधीच सांगितलेले बरे.

दाव्याची भीती प्रकाशकांना फारच वाटत असेल तर साधन बदलण्याचा विचार करावा. अ‍ॅडोबीने २०२३ मध्ये आणलेले फायरफ्लाय हे साधन आपल्या चित्रसंग्रहातील परवानाप्राप्त चित्रे आणि कॉपीराइटची मुदत संपलेले साहित्य यांवर शिकवलेले आहे, असे ती कंपनी सांगते, आणि व्यावसायिक ग्राहकांना काही योजनांखाली दाव्यापासून भरपाईची हमीही देते. मात्र ती हमी चित्राबरोबर आपोआप येत नाही. ती त्या योजनेच्या कराराबरोबर येते. तुमची योजना त्यात बसते का, हे पाहूनच हमीचा उल्लेख करा.

मालकीबद्दल आणखी एक. मोबदला देऊन छायाचित्र, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र करून घेतले तर उलट करार नसल्यास पहिली मालकी करवून घेणाऱ्याची, असे कॉपीराइट अधिनियमाचे १७ वे कलम सांगते. संगणकातून निघून फोटोशॉपमध्ये घडलेले मुखपृष्ठ ‘रंगचित्र’ ठरते का, हा वाद न्यायालयात घालण्यापेक्षा हस्तांतरण लेखी करून घेणे स्वस्त पडते. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते धरतो, हेही दोघांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : दुकानाच्या उद्घाटनासाठी सुनो या गाणी करून देणाऱ्या एआय साधनाच्या मोफत योजनेवर एक जिंगल केली. लोकांना आवडली. आता जाहिरातीत वापरायची आहे. आज वर्गणी भरली तर चालेल ना? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : वर्गणी भरल्यानंतर केलेल्या गाण्यांना व्यापारी वापराची मुभा मिळते, आधी मोफत केलेल्या गाण्याला ती मागाहून लागू होत नाही, असे त्या कंपनीने स्पष्ट केलेले आहे. तेव्हा वर्गणी भरून जिंगल नव्याने करा. आधीचीच चाल जशीच्या तशी उतरवून घ्यायचा मोह मात्र टाळा. शब्द तुम्ही स्वतः लिहिलेले असतील तर त्या शब्दांचा कॉपीराइट निर्विवादपणे तुमचा आहे, आणि या सगळ्या प्रकरणात तेवढीच एक गोष्ट पक्की आहे.

प्रश्न : नारायण पेठेत आमचा छापखाना आहे. स्टील फर्निचरच्या एका व्यापाऱ्यांना नव्या वर्षाची २,००० कॅलेंडरे हवी आहेत. वर छत्रपती शिवाजी महाराजांचे एआयने काढलेले चित्र आणि खाली दुकानाचे नाव, पत्ता, ‘वर्षभर १५ टक्के सूट’ असा मजकूर आहे. चित्र पैसे भरून काढले आहे, तेव्हा परवान्याचा प्रश्न नसावा असे ते म्हणतात. (एक मुद्रक)

उत्तर : प्रश्न आहे, आणि तो एआयच्या कितीतरी आधीचा आहे. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि भारताचे पंतप्रधान यांची नावे व चित्रे समाविष्ट आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापार-धंद्यासाठी त्यांचा वापर करता येत नाही. गंमत अशी की याच नोंदीत कॅलेंडरांना सवलत आहे. कॅलेंडरावर चित्र छापता येते, पण त्यावर केवळ कॅलेंडरच्या निर्मात्यांची व मुद्रकांची नावे असावीत आणि ते कॅलेंडर मालाच्या जाहिरातीसाठी वापरलेले नसावे. म्हणजे ‘मुद्रक : अमुक, नारायण पेठ’ एवढी ओळ चालते. कपाटांवरची १५ टक्के सूट चालत नाही. चित्र कुंचल्याने काढले की यंत्राने, वर्गणी भरली की नाही, याने तिळमात्र फरक पडत नाही. कारण साधनाची कंपनी तुम्हाला जी मुभा देते ती तिच्या स्वतःच्या हक्कांपुरती असते, देशाच्या कायद्यातून सूट देण्याची नसते.

पत्रासोबतचे प्रूफही पाहिले. महाराजांच्या मस्तकावर जिरेटोपाऐवजी राजस्थानी धाटणीचा फेटा आहे आणि कमरेच्या तलवारीला दोन मुठी आहेत. हे चित्र जाहिरातीविना छापले तरी पुण्यात त्याचे काय स्वागत होईल हे मी तुम्हाला सांगायला नको. व्यापाऱ्यांना गडकोटांचे प्रेम असेल तर त्यांच्याच कुणी पावसाळ्यात राजगडावर जाऊन काढलेले छायाचित्र वर घ्या. सूट खाली खुशाल छापा. फक्त ज्याने ते काढले त्याची लेखी संमती घेऊन ठेवा.

प्रश्न : मी मुलांच्या पुस्तकांसाठी वीस वर्षे चित्रे काढते. एका प्रकाशनसंस्थेकडे माझी चाळीसेक चित्रे आहेत. त्यांच्या नव्या पुस्तकातली चित्रे पाहून माझ्या बहिणीने ‘छान काढलीस’ म्हणून फोन केला. ती मी काढलेलीच नव्हती. माझी चित्रे साधनाला पुरवून ‘अशीच काढ’ असे सांगितल्याचे तिथल्या एका माणसाने खासगीत कबूल केले. मला काही करता येईल का? (एक चित्रकार, सहकारनगर)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. बहिणीचा तो फोन तुम्हाला किती लागला असेल याची कल्पना येते, आणि म्हणूनच आधी कटू भाग सांगते. शैलीला कॉपीराइट नसतो. गोल गालांची मुले, पातळ जलरंग आणि पानाच्या कोपऱ्यात हटकून बसलेली खार ही तुमची ओळख असली तरी कायदा संरक्षण देतो ते विशिष्ट चित्राला. एखाद्या चित्रकाराने तुमची धाटणी गिरवली असती तरी हेच उत्तर मिळाले असते.

पण साधनाला शिकवण्यासाठी तुमची चाळीस चित्रे स्कॅन करून त्यांच्या प्रती केल्या गेल्या, आणि प्रत काढण्याचा हक्क हा कॉपीराइटचा गाभा आहे. तो हक्क तुम्ही त्यांना दिला होता का, हे तुमचे जुने करार सांगतील. ‘सदर पुस्तकातील वापरासाठी’ असे शब्द असतील तर हा वापर त्यात बसत नाही. सर्व हक्क दिले असतील तरी १९ वे कलम पाहा. मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांनी संपते, त्यामुळे जुन्या चित्रांचे हक्क कदाचित केव्हाच तुमच्याकडे परत आले असतील. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक तरतूद आली. करार झाला त्या वेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला वा वापराच्या प्रकाराला, स्पष्ट उल्लेख नसेल तर, ते हस्तांतरण लागू होत नाही. दहा वर्षांपूर्वी चित्रांवर यंत्र शिकवण्याचा धंदा कुणी करत नव्हते. न्यायालयात हा मुद्दा कसा टिकेल ते टिको, पण नोटिशीत तो मी पहिल्या परिच्छेदात घातला असता.

नव्या पुस्तकात चित्रकार म्हणून तुमचे नाव छापले आहे का, हेही तपासा. छापले असेल तर प्रकरण सोपे होते, कारण जे आपण केले नाही ते आपल्या नावावर खपवले गेल्याची तक्रार करता येते. पुराव्यासाठी नवी व जुनी पुस्तके, मानधनाच्या पावत्या आणि ईमेल गोळा करा. त्या माणसाचे खासगी बोलणे लेखी मिळाले तर उत्तम. साधने शिकवण्यासाठी कॉपीराइट असलेले साहित्य वापरता येते का, यावर एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नोव्हेंबर २०२४ मध्ये दावा लावला आहे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये असे सुचवले की कंपन्यांना सक्तीचा परवाना द्यावा आणि निर्मात्यांना त्यातून रॉयल्टी मिळावी. ती शिफारस आहे, कायदा नव्हे; शिवाय सक्तीच्या परवान्यात ‘नको’ म्हणण्याची सोय नसते, हे माझ्या अनेक चित्रकार अशिलांना पसंत नाही. तोवर यापुढच्या प्रत्येक करारात एक ओळ लिहून घ्या : ‘ही चित्रे कोणत्याही कृत्रिम बुद्धिमत्ता साधनास पुरवण्याची परवानगी या करारान्वये दिलेली नाही.’

प्रश्न : आमच्या गृहप्रकल्पाच्या रेडिओ जाहिरातीला एका नामवंत ज्येष्ठ गायिकेसारखा आवाज एआयने करून घेतला आहे. नाव कुठेही घेतलेले नाही. चालेल का? (जाहिरात विभाग, एक बांधकाम कंपनी)

उत्तर : चालणार नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयद्वारे नक्कल करणाऱ्यांना मनाई केली, आणि २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आशा भोसले यांनाही तसेच अंतरिम संरक्षण दिले. नाव घेतले नाही हा बचाव लंगडा आहे, कारण ऐकणाऱ्याने ‘हा आवाज त्यांचाच’ असे समजावे म्हणूनच तर तो तसा करून घेतला. ‘सारखा’ हा शब्द तुम्ही स्वतः पत्रात लिहिला आहे. तो तुमच्या आणि एजन्सीच्या ईमेलमध्येही असणार. पुण्यात उत्तम निवेदिका आहेत. त्यांच्यापैकी एकीला स्टुडिओत बोलवा. जाता जाता, तुमच्या माहितीपत्रकातल्या चित्रात इमारतीमागे जी नदी दिसते ती प्रत्यक्षात नसेल तर तीही काढा; जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून ज्याने पैसे भरले त्याला भरपाई देण्याचे दायित्व गृहप्रकल्पांसाठीच्या ‘रेरा’ कायद्याच्या १२ व्या कलमाने प्रवर्तकावर टाकले आहे.

प्रश्न : आम्ही दोघा मित्रांनी मराठीत चित्रकथा लिहिली, चित्रे एआयची आहेत. इंग्रजी आवृत्ती अ‍ॅमेझॉनवरून अमेरिकेत विकायची आहे. तिथे कॉपीराइट मिळेल का? (विद्यार्थी, वारजे)

उत्तर : कथेला आणि मांडणीला मिळू शकेल, सुट्या चित्रांना बहुधा नाही. अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘झार्या ऑफ द डॉन’ या अशाच चित्रकथेबाबत नेमका हाच निर्णय दिला. मजकूर आणि चित्रांची निवड-रचना संरक्षित, मिडजर्नीने काढलेली चित्रे नाहीत. दुसऱ्या एका अर्जदाराने एका चित्रासाठी किमान ६२४ वेळा सूचना लिहिल्याचे सांगितले, तरीही त्याची नोंदणी नाकारली गेली. आणि केवळ सूचना लिहिणे पुरेसे नाही ही भूमिका त्या कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात कायम ठेवली. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने २०२३ मध्ये नेमके उलट मत दिले होते, पण तुमचे गिऱ्हाईक तिकडे नाही. अ‍ॅमेझॉनच्या स्वयंप्रकाशन सेवेवर पुस्तक चढवताना चित्रे एआयची आहेत हे जाहीर करावे लागते. ते लपवू नका. मुख्य पात्राचे रेखाटन तुमच्यापैकी एकाने हाताने केले आणि त्यावरून पुढची चित्रे घेतली, तर निदान त्या पात्राच्या रूपावर तुमचा दावा अधिक बळकट होईल.

प्रश्न : कर्वे रस्त्यालगत माझे मिसळीचे छोटे हॉटेल आहे. मेन्यूकार्डावर आणि घरपोच सेवेच्या अ‍ॅपवर एआयने काढलेले मिसळीचे चित्र टाकले तर कुणाची हरकत असेल? (एक हॉटेलचालक)

उत्तर : चित्राच्या मालकाची नसेल, गिऱ्हाइकाची असेल. झोमॅटोने ऑगस्ट २०२४ मध्येच हॉटेलांना पदार्थांची एआय चित्रे वापरू नका असे सांगितले आणि ती काढून टाकण्याची भूमिका घेतली. जे ताटात येणार नाही ते चित्रात दाखवणे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. समाजमाध्यमांवर टाकण्याचा विचार असेल, तर फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार खऱ्यासारख्या भासणाऱ्या कृत्रिम चित्र-ध्वनींवर तसे लेबल लावले जाण्याची अपेक्षा आहे. छायाचित्राचा उजेड वाढवणे किंवा रंग नीट करणे यांसारख्या नेहमीच्या दुरुस्त्यांना ते लागू नाही.

आणि तुम्ही पाठवलेल्या चित्रात फरसाण शेवयांसारखे दिसते आहे, कट आहे की टोमॅटो सूप ते कळत नाही, आणि शेजारी पावाऐवजी तीळ लावलेला बर्गरचा बन आहे. सकाळी आठच्या सुमारास खिडकीजवळच्या टेबलावर पहिली प्लेट ठेवा, तर्री वरून सोडल्या सोडल्या मोबाइलने फोटो घ्या. त्याला कुणाचाही परवाना लागत नाही.